मुंज्याला भाडं पडत नाही!

मे महिन्यात दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटली की डब्यातल्या बच्चेकंपनीचा एकच टॉपिक : भूत! गावच्या बंद घरात रात्री कोण चालतं? आजीचं उत्तर ठरलेलं. मुंज्या! मुंज झाली, पण लग्नाआधीच गेलेला पोरगा. मुक्काम पिंपळावर. २०२४च्या ‘मुंज्या’ सिनेमाने त्याला मल्टिप्लेक्समध्ये आणलं, इतकंच.

पण बॉस, नीट बघा. इच्छा अर्धवट राहिलेलं ते एक लहान मूलच ना? म्हणून तर पोरांना त्याची भीती वाटते, तशी कीवही येते. आणि घर ओसाड का? आपण इथे वन-रूम-किचनचे हप्ते फेडतोय म्हणून! यंदा कुलूप काढा, ओटीवर दिवा लावा. मुलांना भूत भेटो न भेटो, घर तरी भेटेल.