स्वस्त व्हॅनमध्ये एअरबॅग आल्या. गर्दीचा प्रश्न कायम

नवी दिल्ली : मालवाहू व्हॅनच्या सांगाड्यावर आसने बसवली की प्रवासी वाहन स्वस्तात तयार होते, त्याची किंमत मात्र सुरक्षिततेत मोजावी लागते. सुझुकीच्या ‘कॅरी’ या मालवाहू व्हॅनवर बेतलेली मारुतीची ‘ओम्नी’ १९८४ मध्ये बाजारात आली. पुढे बॉनेट नसल्याने समोरून बसणारा आघात शोषून घेण्यास तिच्यात पुरेशी जागा नव्हती. धडक चाचणीचे नवे निकष लागू होताना २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले.

त्याच कुळातील ‘ईको’ मात्र २०१० पासून टिकून आहे. केंद्र सरकारने सहा एअरबॅगची प्रस्तावित सक्ती २०२३ मध्ये बाजूला ठेवली, तरी २०२५ मध्ये ईकोच्या प्रवासी आवृत्तीत त्या आल्या. सात आसनी पर्यायाची जागा सहा आसनी व्हॅनने घेतली.

तरीही हा बदल अपुराच आहे. सीटबेल्ट लावलेला नसेल तर एअरबॅग पुरेसे संरक्षण देत नाही आणि सहा आसनांच्या व्हॅनमध्ये दहा मुले कोंबली तर प्रत्येकाला सीटबेल्ट मिळणे अशक्य. त्यामुळे शालेय वाहतुकीतील मुलांची सुरक्षितता अखेरीस कारखान्याइतकीच राज्यांच्या परिवहन विभागांच्या तपासणीवर अवलंबून राहील.