हमी सरकारची, कर्ज मात्र आपलंच

तिगावातल्या पोट्ट्यांले विचारा, सरकारी हमीचं कर्ज म्हणजे काय? बहुतेक जण सांगतील, "धंदा बुडला तं सरकार भरते." हा समज घेऊन कागदावर सही करणारे मी आजूबाजूला पाहतो, म्हणून लिहितोय.

हमी बँकेला असते, आपल्याला नाही. मुद्रा कर्जामागे केंद्राचा हमी निधी आहे. लघुउद्योगांसाठी सरकार आणि सिडबीनं 2000 साली काढलेला सीजीटीएमएसई हा ट्रस्ट आहे. हप्ते थकून खातं बुडीत गेलं की बँकेच्या नुकसानीचा ठरलेला हिस्सा तिथून भरला जातो. आपलं कर्ज त्यानं माफ होत नाही. वसुली चालूच राहते, सिबिल खराब होते, आणि पुढं साधं गाडीचं कर्जही अडते.

मग आपल्याला फायदा काय? एकच, पण मोठा. तारण द्यावं लागत नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना 2010 पासून आदेश आहे. ज्याच्या बापाच्या नावावर संत्र्याचा बगीचा नाही, त्या मजुराच्या पोरासाठीच ही सोय केली. आणि काउंटरवर पहिला प्रश्न काय येते? "जमीन किसके नाम पे है?" माझ्या आतेभावाला संत्री छाटून, ग्रेडिंग करून नागपूरले पाठवायचा धंदा टाकायचा होता. एका शाखेत त्याला हेच विचारलं. तो मान खाली घालून परत आला. विचारणं चूक आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

आता भाषेचं. 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा विदर्भ तिकडं गेला, सौंसर-पांढुर्णा इकडं राहिलं. 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, पण कागद हिंदीतच. फोनवर दिसणाऱ्या महाराष्ट्राच्या योजना आपल्या कामाच्या नाहीत, त्यांना तिथलं रहिवासी प्रमाणपत्र लागते. आपल्यासाठी आहे इथली मुख्यमंत्री उद्यम क्रांती योजना: व्याजात 3 टक्के सूट, जास्तीत जास्त 7 वर्षं, हमीचं शुल्कही राज्य देते. पण खातं थकलं तर तेवढ्या काळाची सूट मिळत नाही. ही अट कियोस्कवाला सांगत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही तं हिंदीतच शिकले, मग अडचण काहून? बोलायची हिंदी येते हो. 'प्रत्याभूति', 'अधिस्थगन' हे मात्र हिंदीवाल्यालेही विचारून पाहा. आणि बचत गटातल्या आपल्या काकू-मावश्यांचं काय?

इथं एक नियम आपल्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 15 एप्रिल 2024 च्या परिपत्रकानुसार छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जात बँकेनं मुख्य माहितीचा कागद, म्हणजे केएफएस, द्यायलाच पाहिजे. एकूण व्याज, शुल्क, हप्ते सगळं त्यात, आणि तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. शिवाय समजावून सांगून, समजलं अशी पोच घ्यायची. आपण सीमाभागातले लोक शाळा आणि पाट्यांसाठी भांडतो, ते बरोबरच आहे. पण मराठी कागद बँकेत मागितला असं मी अजून कोणाकडून ऐकलं नाही. तिथं तर पैसा आपला अडकतो.

म्हणून सही करायच्या आधी केएफएस मराठीत मागा. तोंडी नाही म्हटलं तर लेखी मागा आणि पोच घ्या. तारण मागितलं तर तेही लेखी द्या म्हणा. बँकेनं 30 दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, पैसे लागत नाहीत, चौकशीचा नंबर 14448. जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन द्यायचं तर ते मराठीतच लिहा. घटनेच्या कलम 350 नं तो हक्क दिला आहे.