विश्लेषण : खुब्याचे हाड जुळते, पण चालणे का परतत नाही?

तेलंगणचे माजी मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव डिसेंबर २०२३ मध्ये फार्महाऊसवर पडले आणि त्यांचा खुबा मोडला. लगेच सांधेरोपण झाले आणि १ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांनी आमदारकीची शपथही घेतली. तेव्हा त्यांचे वय ६९ होते. ऐंशी ओलांडलेल्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या आजींबाबत मात्र हा प्रवास इतका सरळ नसतो.

नेमके काय मोडते?

मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीत बसतो. हा गोळा आणि खालचे सरळ हाड यांना जोडणारी आखूड, तिरकी मान किंवा तिच्या लगतचा भाग मोडतो. इंजिनीअरिंग शिकलेल्यांना ती रचना कॅन्टिलिव्हरसारखी वाटेल. साधे चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. मग बाथरूममध्ये पाय घसरण्याचे निमित्त पुरते.

दिनक्रमावर काय परिणाम होतो?

वृद्धांना रोजची कामे किती जमतात हे मोजण्याची जगभर वापरली जाणारी मोजपट्टी खुबा मोडलेल्या रुग्णांच्याच निरीक्षणातून पुढे आली. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे डॉ. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात सहा कामे आहेत : अंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. बरे होताना स्वतःच्या हाताने जेवणे लवकर जमते, एकट्याने अंघोळ सर्वांत उशिरा.

ही यादी अर्थात खुर्ची-कमोड वापरणाऱ्या समाजाची. आपल्याकडे सांधा बदलल्यावर मांडी घालून किंवा उकिडवे बसण्यास अनेकदा मनाई असते. म्हणजे देशी पद्धतीचे शौचालय, पाटावरची पूजा, जमिनीवरची पंगत, सगळेच बंद. गावाकडच्या घरात कमोड नसेल तर हाड जुळूनही माणूस परावलंबीच राहतो.

अनेक अभ्यासांनुसार वाचलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के रुग्णच पूर्वीइतके हिंडू-फिरू लागतात. वर्षभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण पाचांत एक ते तिघांत एक इतके आढळते.

मग अडते कुठे?

अंथरुणात. पडून राहिल्याने स्नायू भराभर झिजतात. न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी हे धोके वाढतात. काहींना भ्रम होतो आणि घरच्यांना वाटते म्हातारचळ लागला. पुन्हा पडण्याची भीती वेगळीच. त्यात ‘तू उठू नकोस, आम्ही आहोत ना’ ही घरातली माया अनेकदा औषधापेक्षा उलटे काम करते.

म्हणूनच ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात : दाखल झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला उठवणे. इंग्लंडमध्ये २०१० पासून ३६ तासांत शस्त्रक्रिया आणि इतर निकष पाळणाऱ्या रुग्णालयांना जादा मोबदला मिळतो. भारतासह १७ देशांत झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा तासांत शस्त्रक्रियेचे लक्ष्य ठेवून पाहिले गेले. मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, पण भ्रमाचे प्रमाण घटले आणि रुग्ण लवकर उभे राहिले. आपल्याकडे ‘या वयात कापाकापी कशाला’ यावर नातेवाइकांची चर्चा होण्यातच दोन-तीन दिवस जातात.

सरकारी योजनेचा आधार किती?

आयुष्मान भारत योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण शस्त्रक्रियेसाठी मोठा दिलासा आहे. मात्र घरी सोडल्यानंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपर्यंतचाच धरला जातो. चालण्यातली सुधारणा मात्र कित्येक महिने सुरू असते. त्या काळातला फिजिओथेरपिस्ट, वॉकर, दिवसरात्रीची बाई हे सगळे कुटुंबाच्या खिशातून. बाई परवडत नसेल तिथे सून किंवा मुलगी रजा टाकते, कधी नोकरीच सोडते.

डिस्चार्ज घेताना घरी करायचे व्यायाम कागदावर लिहून घ्यावेत आणि हाडांच्या ठिसूळपणावर औषध सुरू करायचे का, हेही तिथेच विचारावे. एकदा खुबा मोडलेल्याला दुसऱ्या बाजूचाही धोका असतो आणि ही गोष्ट टाके काढण्याच्या गडबडीत राहून जाते.