पाट्या

"मराठी विभागासाठी काहीतरी टेक्निकल लिहून दे, पण मराठीत!" असा हुकूम संपादक मंडळाकडून सुटला आणि पहिलाच प्रश्न पडला, क्वालिटीला मराठीत काय म्हणतात? माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. आईला फोन केला. ती म्हणाली, "गुणवत्ता." मी म्हटलं, "अगं, ती तर दहावीची यादी असायची ना? गुणवत्ता यादी! ज्याला जास्त मार्क तो वर." आई हसली. पण लेख लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की हा गोंधळ माझ्या एकटीचा नाही. आपल्या सगळ्यांचाच आहे.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तीन आठवडे ट्रेनिंगला जात होते. गेटवर भलीमोठी पाटी, 'आयएसओ ९००१ प्रमाणित'. आत ऑफिसात फ्रेम केलेली दुसरी पाटी, 'आमचे गुणवत्ता धोरण'. पुणं पाट्यांसाठी प्रसिद्धच, त्यामुळे मला विशेष काही वाटलं नाही. मला काम मिळालं होतं कंट्रोल चार्टचे आकडे कॉम्प्युटरवर भरण्याचं. (कॉम्प्युटरवाल्यांसाठी सांगते : दर तासाला पाच नग मोजायचे, त्यांची सरासरी कागदावर टिंबाने दाखवायची. टिंब वरच्या किंवा खालच्या रेषेबाहेर गेलं, किंवा टिंबं एकाच दिशेने सरकायला लागली, की समजायचं मशीन काहीतरी सांगतंय.)

तिसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट सुटायला पंधरा मिनिटं असताना पाहिलं, तर मशीनवरचे काका आठही तासांचे रकाने एका दमात भरत होते. एकाच पेनाने. सगळी टिंबं मधल्या रेषेला चिकटून, अगदी शहाण्या मुलासारखी.

"काका, हे तुम्ही मोजलंत कधी?"

"ताई, टिंब बाहेर गेलं की मशीन थांबतं आणि साहेब धावत येतात. का झालं हे कोणी विचारत नाही. कोणी केलं ते विचारतात."

मी गप्प बसले. का, ते पुढे सांगते.

कॉलेज सुरू झाल्यावर लायब्ररीत या चार्टचा इतिहास शोधला आणि थक्क झाले. वॉल्टर शूहार्ट यांनी अमेरिकेत पहिला कंट्रोल चार्ट काढला १९२४ साली. आणि हे शूहार्ट १९४७-४८ मध्ये चक्क भारतात आले होते! प्रशांतचंद्र महालनोबिस आणि त्यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमुळे ते इथे देशभर हिंडले, उद्योजकांना भेटले. डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्यानं झाली १९५० मध्ये. म्हणजे जपान डेमिंगसमोर वही उघडून बसला, त्याच्या आधीच आपल्या दारात प्रत्यक्ष गुरुजी येऊन गेले होते.

मग जपान पुढे का गेला? अनेक कारणं असतील. मला पटलेलं एक सांगते. त्यांना माल परदेशात विकायचा होता, आणि आपल्याकडे माल विकायची चिंताच नव्हती. किती नग बनवायचे हे लायसन्समध्ये लिहिलेलं, बाहेरचा माल येणार नाही, गिऱ्हाईक रांगेत उभं. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर बुक करून लोक दहा-दहा वर्षं थांबायचे, हे आपल्या आई-बाबांना विचारा. इतकी वर्षं थांबून मिळालेल्या वस्तूला नावं कोण ठेवणार? आमच्या घरची जुनी स्कूटर (कंपनी कोणती ते सोडा) बाबा रोज सकाळी तिरकी करून मग किक मारायचे. मला लहानपणी वाटायचं, स्कूटर अशीच सुरू करायची असते!

आपल्या पुण्याचा औद्योगिक पट्टा याच काळात उभा राहिला. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना, १९६६ मध्ये पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स). मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी वर्कशॉप्स भोसरी-चिंचवडला गल्लोगल्ली निघाली. १९९१ नंतर दारं उघडली आणि गिऱ्हाईक रांगेतून बाहेर पडलं. मग धावपळ! आयएसओ ९००० ही मानकं १९८७ मध्येच आली होती, पण आपल्याकडे त्यांच्या पाट्या गेटागेटावर दिसायला लागल्या त्या नव्वदच्या दशकात.

पाट्या लावल्या म्हणजे सगळं खोटं, असं मी मुळीच म्हणत नाही. हैदराबादच्या भेलमध्ये १९८० मध्ये कामगारांची क्वालिटी सर्कल्स सुरू झाली. चेन्नईच्या सुंदरम क्लेटनने १९९८ मध्ये जपानचं डेमिंग प्राइझ मिळवलं, भारतात पहिल्यांदा. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळालं. रांगेचा जमाना संपलेल्या बजाजने २००१ मध्ये चाकणमधून पल्सर काढली आणि गिऱ्हाईक पुन्हा मिळवलं. म्हणजे आपल्याला जमत नाही, हे साफ खोटं.

फरक कुठे पडतो? आयएसओचं सार एका ओळीत सांगतात : जे करता ते लिहा, जे लिहिलंय ते करा. आपण त्यातलं 'लिहा' तेवढं उचलतो. मराठीत यासाठी फार छान शब्द आहे (हाही आईकडूनच शिकले), 'पाट्या टाकणे'. नुसत्या पाट्या टाकायच्या आणि गेटवर पाटी लावायची!

आता मी काकांसमोर गप्प का बसले, ते. मित्रांनो, आपल्या जर्नल्समध्ये काय असतं? सेकंड इयरला व्हेंच्युरीमीटरचं प्रॅक्टिकल होतं. कोएफिशंट ऑफ डिस्चार्ज ०.९७ च्या आसपास यायला हवा. आमच्या बॅचचा आला १.१४. एकाच्या वर! म्हणजे अशक्य. आम्ही काय केलं? पाच मिनिटांत सीनियरच्या जर्नलचे फोटो व्हॉट्सॅपवर आले, रीडिंग्ज उतरली, उत्तर ०.९७, सही मिळाली, सबमिशन पार पडलं. खूप नंतर कळलं, की मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता. त्या दिवशी लॅबमध्ये शिकण्यासारखी एकच गोष्ट होती, तो बुडबुडा. आणि आम्ही तोच खोडरबरने पुसून टाकला.

ड्रॉइंग शीट्सची गोष्ट तर बोलायलाच नको. काच, खाली दिवा, वर सीनियरची शीट. 'जीटी' न मारता डिग्री मिळवलेला वीर हॉस्टेलमध्ये असेल तर त्याने मला भेटावं, मेसमध्ये माझ्यातर्फे एक स्वीट!

तेव्हा काकांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. काका साहेबांना घाबरतात, आम्ही सहीला घाबरतो. डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांमधला आठवा मुद्दा भीती घालवण्याचाच आहे. परीक्षेत आपण तो मुद्दा बरोबर लिहितो, दोन मार्कही मिळतात!

म्हणून सर आणि मॅडम, तुम्हाला एक नम्र विनंती. चुकलेलं रीडिंग आणलं म्हणून परत पाठवू नका. जर्नलमध्ये एक जादा रकाना ठेवा, 'उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळं का आलं?' आणि त्याला मार्क द्या. सगळ्या बॅचचं उत्तर ०.९७ आलं तर शाबासकी नको, शंका घ्या.

आणि हॉस्टेलवासीयांनो, आपणही एक प्रयोग करू. मेसवर रोज रात्री शिव्या देतोच, त्याऐवजी सहा जणांचं क्वालिटी सर्कल काढू. महिनाभर नुसत्या खुणा करायच्या : पोळी कच्ची, वरण पाणीदार, भाजी गार, जेवण उशिरा. महिन्याने मोजू, की सर्वांत जास्त खुणा कशाला. मग मेसच्या काकांना झापायचं नाही, त्यांच्याच बरोबर बसून विचारायचं, हे का होतं? कदाचित पोळी कच्ची राहण्याचं कारण, आपण सगळे साडेआठला एकदम धडकतो, हेही निघेल. ते ऐकून घ्यायची तयारी ठेवू.

शेवटचं एक सांगते. ट्रेनिंगच्या शेवटच्या दिवशी काकांनी खिशातून तेलकट छोटी डायरी काढून मला दाखवली. त्यात खरी मापं होती! रोजची, तासातासाची. "दुपारनंतर टूल झिजतं, माप चढत जातं. हे बघून मी मशीन ॲडजस्ट करतो," ते म्हणाले. चार्ट ऑडिटरसाठी, डायरी कामासाठी. पण ती डायरी काकांबरोबर घरी जाते. दुसऱ्या शिफ्टचा पोरगा तेच झिजलेलं टूल घेऊन उभा राहतो, आणि चार्ट त्याला सांगतो, सगळं ठीक आहे.

गेटवरची पाटी कितीही मोठी असो, त्या कारखान्याची गुणवत्ता त्या डायरीत होती. ती डायरी काकांना चार्टवर बिनधास्त उतरवता आली पाहिजे. चार-पाच वर्षांनी त्या साहेबांच्या खुर्चीत आपल्यापैकीच कोणीतरी बसणार आहे. तेव्हा आपण काय विचारणार, 'कोणी केलं?' की 'का झालं?' त्याची सवय पुढच्या प्रॅक्टिकलपासून लावून घेऊ या.

आमचं पुढचं प्रॅक्टिकल गुरुवारी आहे. उत्तर काहीही आलं तरी तेच लिहीन म्हणते. सही मिळाली नाही तर पुढच्या अंकात कळवीनच!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी