परिवीक्षेची हजेरी आणि पेठचा मजूर

गुन्हा शाबीत झाला की अपराध्याची रवानगी तुरुंगातच व्हावयास हवी, ही समजूत आपल्या कायद्याने केव्हाच टाकून दिली आहे. मुंबई प्रांताने १९३८ सालीच अपराध्यांच्या परिवीक्षेचा कायदा केला आणि १९५८ साली संसदेने देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम संमत केला. ज्या गुन्ह्यास फाशी अथवा जन्मठेप सांगितलेली नाही, अशा गुन्ह्यात न्यायालय अपराध्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, सोडू शकते. जरूर वाटल्यास त्याला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवता येते. एकवीस वर्षांखालील तरुणाला कैदेत धाडावयाचे झाल्यास, बहुतेक गुन्ह्यांत, न्यायालयाला त्याची कारणे नमूद करावी लागतात.

हेतू उदार आहे. प्रश्न आहे तो व्यवहाराचा. देखरेख म्हणजे ठरल्या मुदतीने, बहुधा महिन्याकाठी, अधिकाऱ्यापुढे उभे राहावयाचे, आपला ठावठिकाणा व कामधंदा सांगावयाचा, आणि अधिकाऱ्याने त्यावरून न्यायालयाला अहवाल पाठवावयाचा. नाशिक शहरात राहणाऱ्या पगारदाराला ही अट फार तर एका दुपारची तसदी आहे. पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या तरुण मजुराला मात्र तिची किंमत रोख मोजावी लागते. पाड्यावरून पेठला यावयाचे, तेथून घाट ओलांडून पन्नासाहून अधिक किलोमीटरवरील नाशिक गाठावयाचे आणि दिवेलागणीनंतर परतावयाचे. एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज यांची बेरीज केली, तर कायद्याने माफ केलेली शिक्षा हप्त्याहप्त्याने वसूल होत असल्याचे दिसेल.

त्यातून पेठचे अर्थजीवनच स्थलांतराचे. भात व नागली निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे किंवा सीमेपलीकडे गुजरातेत कामाला जातात. बंधपत्रावर सोडताना अपराध्याला अथवा जामीनदाराला निश्चित निवास किंवा नियमित व्यवसाय आहे काय, हे न्यायालयाने पाहावयाचे असते. जो पोटासाठी वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवतो, तो या कसोटीला उतरेल कसा? उतरलाच, तरी हंगामात हजेरी चुकण्याचा धोका आहेच. हजेरी चुकणे हा अटीचा भंग. आणि त्यासाठी न्यायालय पहिल्या खेपेस पन्नास रुपयांपर्यंत दंड करून थांबू शकते, तसेच मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकते. गुन्हा न करताही केवळ गैरहजेरीने माणूस तुरुंगात जाणार असेल, तर सुधारणेचा कायदा आपल्याच हेतूवर उलटला असे म्हणावे लागेल.

हजेरी असूच नये, असे कोणी म्हणणार नाही. ज्याचा अपराध झाला, त्याला आणि गावालाही सावध देखरेखीची हमी हवीच. परंतु हजेरी हे साधन आहे, साध्य नव्हे. १८४१ साली बोस्टनमध्ये जॉन ऑगस्टस या चांभाराने एका दारुड्याला न्यायालयातून आपल्या हमीवर सोडवून नेले, तेव्हा त्याने त्या माणसाची जबाबदारी पत्करली होती. नुसती सही घेतली नव्हती. आपला कायदाही अधिकाऱ्यावर सल्ला व साहाय्य देण्याचे आणि योग्य काम मिळवून देण्यास झटण्याचे कर्तव्य टाकतो. महाराष्ट्रात मात्र परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याखाली असून बालकांच्या प्रकरणांचा भारही त्यांच्यावरच आहे. अशा अवस्थेत देखरेख रजिस्टरातील रकान्यापुरती आक्रसली, तर नवल नाही.

उपाय अवघड नाहीत. अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा आठवडे बाजाराच्या दिवशी पेठलाच बसावे. हंगामात दूरध्वनीवरील हजेरी ग्राह्य धरावी आणि कामाचा बदललेला पत्ता कळविणे पुरेसे मानावे. हे काम पोलीस पाटलावर सोपवू नये. पोलिसांच्या छायेतून माणसाला बाहेर काढण्यासाठीच तर परिवीक्षा आहे. अटी बदलण्याचा, वर्तन समाधानकारक असल्यास अधिकाऱ्याच्या अर्जावरून बंधपत्रातून मुक्त करण्याचाही, अधिकार न्यायालयाला आहेच. तो वापरण्यासाठी नवा कायदा नको, अर्ज करणारा अधिकारी हवा.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेने किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. तुरुंगाबाहेरील शिक्षेचा हा मार्ग रुंदावत असताना, त्या मार्गाचे भाडे गरिबाला परवडते की नाही, हे शासनाने आधी पाहावे.