‘किल्ला’ निवांत कसा?

मा. संपादक,


पावसाळ्यात घरबसल्या पाहण्याजोग्या चित्रपटांची यादी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली. तीत अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ची ओळख ‘कोकणकिनाऱ्यावरचा निवांत बालचित्रपट’ अशी करून दिली आहे. कोकणकिनारा तेवढा बरोबर.

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांत अडकतात, त्या द्वारका चौकाजवळ मी राहतो. इथल्या माणसाला पडद्यावर समुद्र दिसला की हायसं वाटणारच. पण चित्रपटात काय चाललंय? वडील वारलेत, आईची बदली झालीय आणि अकरा वर्षांच्या चिन्मयला पुण्याहून उचलून अनोळखी गावात आणून ठेवलंय. जेमतेम मित्र जमतात, तर तेच त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटं टाकून निघून जातात. हे ज्यांना निवांत वाटलं, त्यांनी चित्रपट बहुधा आवाज बंद करून पाहिला असावा.

बालचित्रपटाचा शिक्का कुठून बसला, ते कळतं. २०१४ साली बर्लिन महोत्सवात ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर मिळालं ते मुलांच्या ज्युरीकडून. पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पार्थ भालेरावच्या बंड्याचीही विशेष दखल घेतली गेली. सगळं रास्तच. पण या कौतुकात आई कुठे गेली? अमृता सुभाष यांची अरुणा नवऱ्याचं दुःख गिळून नव्या कचेरीत रुजू होते. तिथले ताण घरी येतात आणि घरी मुलगा रुसून बसलेला. अर्धा चित्रपट तिचा आहे आणि परीक्षणांत तिच्या वाट्याला एखादं वाक्य येतं.

दिग्दर्शकाने कॅमेराही स्वतःच धरलाय, त्यातला कोकण देखणा आहे, हे मान्य. पण सुट्टीवर आलेल्याला समुद्र दिसतो. बदलीवर आलेल्याला आधी शाळेचा दाखला, गॅसची जोडणी आणि भाड्याची खोली दिसते. चिन्मय रुळतो न रुळतो तोच पुन्हा बदली! यात खलनायक कोणी नाही, सहीशिक्क्याचा एक कागद आहे. सरकारी नोकरांच्या घरांत तो पुरतो.

याच दिग्दर्शकाचा २०२३चा ‘थ्री ऑफ अस’ वेंगुर्ल्यात घडतो. (तो हिंदीत का, यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.) स्मृतिभ्रंशाच्या उंबरठ्यावरची शैलजा लहानपणीचं गाव पाहायला येते, पण आपणहून येते, सोबत नवरा असतो. तरी समुद्र तिला बरं करत नाही. मग चिन्मयला आणि अरुणाला तो कसा करेल? त्यांना तर कोणी विचारलंही नव्हतं.

तेव्हा पुढच्या यादीत ‘किल्ला’ बालचित्रपटांच्या रकान्यातून काढावा आणि त्याची शिफारस पावसाळ्यात न करता एप्रिल-मेमध्ये, बदल्यांचे आदेश निघतात तेव्हा करावी, ही विनंती.

– एक बदलीग्रस्त वाचक, द्वारका, नाशिक