सोमवारचं काय?

दोन दिवस फोन जमा करायचे, नंदी हिल्सच्या पायथ्याशी राहायचं, पहाटे मौन पाळायचं आणि ‘आत्म्याचं ऐकायचं’. अशा शिबिराचं पत्रक या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं. फी एका महिन्याच्या घरभाड्याएवढी. पैशांवर मी पूर्वी भरपूर लिहिलं आहे, ते राहू दे. मला राग आला तो शेवटच्या ओळीचा: सोमवारी ताजेतवाने होऊन कामावर परता. आत्मा शनिवार-रविवारी जे सांगेल त्यानं सोमवारच्या कामात काडीचाही फरक पडणार नाही, याची हमीच दिली होती.

हे बेंगळुरूत चालावं याचं जास्त वाईट वाटतं, कारण याच शहरात मॉरिस फ्रीडमन राहून गेले. या स्तंभात त्यांचं नाव वारंवार येतं. आजही येणार.

वॉर्सातल्या ज्यू कुटुंबात जन्मलेले हे विद्युत अभियंता 1930च्या दशकात म्हैसूर संस्थानाच्या सरकारी विद्युत कारखान्याचा कारभार पाहायला इथे आले. तिरुवण्णामलैला रमण महर्षींकडे ते जात. तिथले त्यांचे प्रश्न ‘महर्षीज गॉस्पेल’ या 1939च्या पुस्तकात आले आहेत. कान्हनगडच्या स्वामी रामदासांकडून त्यांनी संन्यास घेतला आणि भारतानंद झाले. अशा माणसानं पुढे नोकरी सोडून डोंगर गाठावा, अशीच आपली अपेक्षा असते. फ्रीडमन मात्र कारखान्यातच राहिले. मुंडन केलेलं डोकं, अंगावर भगवी वस्त्रं, आणि समोर यंत्रं, कामगार, हिशेबाच्या वह्या. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांना ते रुचलं नाही. मोठे पाहुणे येतील तेव्हा तरी सूट घाला, एवढीच तडजोड त्यांनी सुचवली असं सांगतात. फ्रीडमननी त्यापेक्षा राजीनामा देण्याची तयारी दाखवली. काम चोख होत होतं, तेव्हा मिर्झांनीच कपड्यांचा विषय सोडून दिला.

पत्रक वाचल्यापासून ही हकिकत माझ्या डोक्यातून जात नाही. फ्रीडमनसमोर दोन सोपे रस्ते होते. नोकरी सोडून आश्रमात जाता आलं असतं. नाहीतर भगवं सोयीपुरतं ठेवून मोठ्या पाहुण्यांसमोर सुटात वावरता आलं असतं, आणि मिर्झांना तेच तर हवं होतं. शिबिरवाले आज विकतात तेही हेच, फक्त तेव्हा ते दिवाणानं फुकट देऊ केलं होतं. फ्रीडमननी दोन्ही नाकारलं. आत जे ऐकू आलं ते त्यांनी साहेबासमोर, पगार पणाला लावून, भर कारखान्यात अंगावर वागवलं. त्यामुळे त्यांचं काम ढासळलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यंत्राकडे दुर्लक्ष करून ध्यान लावणाऱ्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

पुढे काय झालं ते मराठी वाचकाला तरी ठाऊक असायला हवं. बेंगळुरूत औंधचे राजपुत्र अप्पा पंत यांच्याशी ओळख झाली आणि फ्रीडमन औंधला गेले. 72 गावांचं ते विखुरलेलं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी सत्ता प्रजेच्या हाती द्यावी हा विचार त्यांनी लावून धरला, गांधीजींचा सल्ला घेतला गेला आणि 1939 साली औंधची राज्यघटना लागू झाली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. तिथे कैद्यांना भिंती नाहीत, बेड्या नाहीत, शेती करायची आणि कुटुंबासह राहायचं. ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट 1957 साली आला तो या वसाहतीवरून. कथा गदिमांची, ते त्याच भागातले. आत्म्याचं ऐकणाऱ्या एका माणसामुळे सांगली जिल्ह्यातल्या माळावर गुन्हेगारांना घर मिळालं. कुठल्या शिबिराच्या पत्रकात असं काही वाचल्याचं मला आठवत नाही.

आणि शेवटी हे गृहस्थ बसले कुणापुढे, तर मुंबईत खेतवाडीच्या दहाव्या गल्लीत एका विडीच्या दुकानदारापुढे. निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी, मालवणजवळच्या कांदळगावात वाढलेले. गुरू सिद्धरामेश्वर महाराज गेल्यावर तेही सगळं सोडून हिमालयाच्या ओढीनं निघाले होते. वाटेत गुरुबंधूनं समजावलं, प्रपंचात राहून निरिच्छपणे कर्म करणं यापेक्षा मोठं आहे. महाराज परतले आणि पुन्हा विड्या विकू लागले. पोटमाळ्यावरच्या छोट्या खोलीत त्यांनी मराठीत जे सांगितलं ते ध्वनिफितींवर घेऊन फ्रीडमननी इंग्रजीत आणलं. ‘आय अ‍ॅम दॅट’ 1973 साली निघालं. त्या खोलीत बसायला फी नव्हती, आणि उठून माणूस आपल्या धंद्यावर जात असे. महाराजांचा इंचगेरी संप्रदाय मुळात संसारी माणसांचाच. ते इंचगेरी विजयपूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच कर्नाटकात.

माझं जुनं मत आहे, पुरावा मागू नका: ज्याला कामाच्या ठिकाणी एकदाही ‘नाही’ म्हणता आलेलं नाही, त्याला मौनात जे ऐकू येतं तो बहुधा त्याचा थकवा बोलत असतो. थकवा खरा आहे. सिल्क बोर्डच्या चौकात रोज अडकणाऱ्याला दोन दिवस झोप मिळाली तर मला आनंदच आहे. मग तिला विश्रांती म्हणा आणि तेवढेच पैसे घ्या. पण चुकीचा अहवाल सही करून पुढे ढकलायला सांगितलं जातं, हाताखालच्या पोरीला रात्री अकराला फोन करायला सांगितलं जातं, तेव्हा आत काहीतरी अडतं. आपल्यातल्या बहुतेकांनी ते ऐकलेलं आहे. त्यासाठी नंदी हिल्सला जायची गरज पडली नव्हती.

शेजारच्या ताईंनी विचारलं, जाऊ का? मी म्हटलं, जा, पण आयोजकांना आधी एक विचारा: रविवारी रात्री मला आतून ऐकू आलं की मी करते ते काम बरोबर नाही, तर सोमवारी मी काय करायचं, आणि तेव्हा तुम्ही माझ्यासोबत असाल का? त्यांनी विचारलं आहे. उत्तर आलं की इथे कळवीन.